दोन जिवांचे ताट



घरात सून दोन जिवांची झाली म्हणजे तिला उपदेश करणाऱ्यांची वानवा नसते. शेजारची काकी म्हणते, "आता दोघांचे खा हो बाई." त्याच अंगणात बसलेली आजेसासू मान हलवून म्हणते, "बेताने खा. पोर पोटात मोठे झाले की अडते." बिचारी सून दोघींकडे पाहते, आणि शेवटी घरात ज्या बाईचा शब्द चालतो तिच्या मताप्रमाणे तिचे ताट वाढले जाते. हे दोन्ही उपदेश प्रेमापोटीच केलेले असतात ह्यात संशय नाही. परंतु दोन्ही अपुरे आहेत, आणि आपल्या खेड्यांपाड्यांतून दुसऱ्या उपदेशाने अधिक नुकसान होत आले आहे. विवाहाची तयारी करणाऱ्या जोडप्यांना आपण संस्कारांचे आणि कर्तव्यांचे पुष्कळ काही शिकवतो. पण पहिल्या वर्षातच त्यांच्यापुढे उभा राहणारा हा साधा प्रश्न, गर्भवतीने किती खावे आणि तिचे वजन किती वाढावे, त्याविषयी मात्र आपण मौन पाळतो. म्हणून ह्या आठवड्याचे पान त्यालाच दिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. गर्भवतीचे वजन वाढते म्हणजे ती लठ्ठ होते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ह्या वजनाचा हिशेब फार सुंदर आहे. वजन साडेबारा किलोंनी वाढले असे धरले, तर त्यांपैकी बाळाचे स्वतःचे वजन सुमारे तीन ते सव्वातीन किलो. बाळाला अन्न पोहोचवणारी वार साधारण साडेसहाशे ग्रॅम. ज्या पाण्यात बाळ तरंगत असते ते गर्भजल पाऊण ते एक किलो. गर्भाशय हा एरवी मुठीएवढा अवयव. तो वाढून सुमारे एक किलोने जड होतो. स्तनांचे वजन चारपाचशे ग्रॅमनी वाढते. मातेच्या अंगातील रक्त जवळजवळ दीड किलोने वाढते, कारण त्याच रक्ताने आता दोन देहांची सोय पाहायची असते. शरीरातील इतर पाणी आणखी दीड किलोच्या आसपास. राहिलेले साधारण तीन ते साडेतीन किलो म्हणजे चरबी होय. आणि तीही व्यर्थ नव्हे. बाळंतपणानंतर बाळाला अंगावर पाजण्यासाठी देहाने आधीच भरून ठेवलेली ती कणगी आहे. ज्या स्त्रीच्या कणगीत काही साठलेच नाही ती बाळाला पाजते खरी, पण स्वतःच्या हाडामांसातून काढून पाजते.

आता किती वाढावे? ह्याला एकच उत्तर नाही, आणि इथेच शेजारणीशी तुलना करण्याची आपली सवय घात करते. ते दिवस जाण्यापूर्वी त्या स्त्रीचे वजन किती होते ह्यावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, पाच फूट उंचीची स्त्री घ्या. आपल्याकडील पुष्कळ स्त्रिया साधारण ह्याच उंचीच्या असतात. गर्भधारणेच्या आधी तिचे वजन ४३ किलोंहून कमी असेल तर ती कृश समजावी. ४३ ते ५८ च्या दरम्यान असेल तर वजन सामान्य होय. मात्र आपल्या देशातील वैद्य ५३ च्या पुढेच सावध होऊ लागतात, कारण आपल्या लोकांत मधुमेह थोड्या वजनावरही लवकर शिरतो. ७० किलोंच्या पुढे असेल तर तो लठ्ठपणा ठरतो. उंच स्त्रीसाठी हे आकडे वर सरकतात, ठेंगणीसाठी खाली. परिचारिकेला उंची व वजन सांगितले की ती दोन मिनिटांत हिशेब करून देते.

सामान्य वजनाच्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलोंनी वाढावे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मार्गदर्शन आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००९ साली जे आकडे ठरवले ते थोडे वरचे आहेत: सामान्य स्त्रीसाठी साडेअकरा ते सोळा किलो, कृश स्त्रीसाठी साडेबारा ते अठरा, वजन अधिक असलेल्या स्त्रीसाठी सात ते साडेअकरा, आणि लठ्ठ स्त्रीसाठी पाच ते नऊ. तिकडच्या स्त्रियांचा बांधा वेगळा, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्या सुनेला लावू नये. पण त्यामागचे सूत्र आपल्यालाही तितकेच खरे आहे. जी आधीच बारीक आहे तिला अधिक वाढायला हवे; जी आधीच जड आहे तिला थोडे वाढले तरी पुरे. आपण करतो मात्र नेमके उलटे. बारीक सुनेला, "ही मुळातच अंगाने अशी, हिला कुठले जास्त जाते," म्हणून सोडून देतो. आणि सुखवस्तू घरातल्या भरल्या अंगाच्या लेकीला तुपाचे लाडू भरवीत बसतो.

हे वजन नऊ महिन्यांत सारख्या चालीने वाढत नाही. पहिल्या तीन महिन्यांत फार तर एकदोन किलो वाढते. उलट्या होत असतील तर उलट किलोभर कमीही होते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र पोटात पाणीही ठरत नसेल तर दवाखाना गाठावा. चौथ्या महिन्यापासून मात्र दरमहा सुमारे दोन किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर, अशी वाढ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पहिली शंका ताटाविषयी घ्यावी.

आता त्या आजेसासूकडे वळू. तिच्या भीतीला मी हसत नाही, आणि तुम्हीही हसू नका. तिच्या तरुणपणी बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत होई, जवळ सुईण असे, आणि बाळ अडले तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर पुष्कळदा कित्येक मैल दूर असे, मध्ये पूर आलेला ओढा असे. अडलेली बाळंतीण म्हणजे मृत्यू, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्या काळच्या बायांनी बाळ लहान राहावे म्हणून पोटाला चिमटा घेतला, तो मूर्खपणाने नव्हे, जगण्याच्या धडपडीने. परंतु त्या उपायाने जे साधायचे ते साधत नाही. बाळ अडते ते पुष्कळदा मातेच्या कटिराच्या ठेवणीमुळे किंवा बाळ आडवे वा उलटे असल्यामुळे. माता उपाशी राहिली म्हणजे पोटातील बाळ प्रथम गमावते ते आपले मांस आणि चरबी. डोक्याची वाढ निसर्ग शक्यतो राखतो. आणि जन्मवाटेत अडायचे असते ते डोकेच! म्हणजे वाट मोकळी होत नाही, मात्र बाळ दुबळे जन्मते आणि कळा सोसण्याची आईची शक्तीही कमी पडते.

अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ हे अल्पवजनाचे समजतात. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांच्या वजनाची नोंद झाली अशा बालकांपैकी शंभरात सुमारे १८ ह्या रेषेच्या खाली होती. असे बाळ स्वतःच्या अंगाची ऊब धरू शकत नाही, चोखताना लवकर थकते, साध्या सर्दीखोकल्यानेही हैराण होते. तान्ह्या बालकांच्या दफनविधीसाठी ज्यांना कधी उभे राहावे लागले आहे त्यांना ह्यापुढे काही सांगायला नको.

उपासमारीचा पोटातील बाळावर काय परिणाम होतो ह्याचा एक दारुण दाखला युरोपच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांच्या अमलाखालील हॉलंडच्या पश्चिम भागात धान्याची वाट बंद झाली. माणशी मिळणारे अन्न दिवसाला एक हजार उष्मांकांच्याही खाली गेले. एरवी धडधाकट, चांगल्या खाल्ल्यापिल्ल्या असलेल्या त्या स्त्रिया. तरी ज्यांचे शेवटचे महिने त्या हिवाळ्यात आले त्यांची बाळे सरासरीने सुमारे ३०० ग्रॅम हलकी जन्मली. ज्यांचे आरंभीचे महिने उपासमारीत गेले व पुढे अन्न मिळाले, त्यांच्या बाळांचे वजन जन्मतः कमी दिसले नाही. पण ती मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. गर्भातली उपासमार पन्नास वर्षांनी अशी वसूल होते.

आपल्या मातीतला दाखला पुण्याजवळचा आहे. १९९३ पासून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचे ताट, त्यांचे काम आणि त्यांची बाळे ह्यांची बारकाईने नोंद ठेवली. शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजी खाणाऱ्या, आपल्यासारख्याच घरांतल्या त्या बाया. त्यांची बाळे सरासरीने २.७ किलोंच्या जवळपास भरली. त्यात दोन गोष्टी दिसून आल्या, आणि दोन्ही प्रत्येक घराने लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक अशी, की एकंदर अन्नाच्या मापापेक्षा ताटात दूध, हिरवी पालेभाजी आणि फळे किती होती ह्याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध अधिक जवळचा निघाला. ज्यांनी ती वारंवार खाल्ली त्यांची बाळे थोराड. दुसरी अशी, की ज्या गर्भवतींच्या वाट्याला अंगमेहनतीचे काम फार आले त्यांची बाळे लहान राहिली.

ही दुसरी गोष्ट पुरुषांनी पुन्हा एकदा वाचावी. दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढण चढणारी, दिवसभर वाकून भाताची लावणी करणारी, संध्याकाळी जळणाचा भारा आणणारी सून जे खाते ते त्याच कामात जळून जाते. बाळापर्यंत काय पोहोचणार? तिला गादीवर बसवून ठेवा असे कोणी म्हणत नाही. चालणे, घरातले हलके काम, केर काढणे, भाकरी थापणे ह्यांनी अंग मोकळे राहते आणि ते हिताचेच आहे. पण जड उचलणे, तासन्‌तास वाकून राहणे आणि दुपारची विश्रांती नसणे ही तीन ओझी पाचव्या महिन्यापासून तरी तिच्यावरून उतरली पाहिजेत. नवऱ्याने विहिरीवर कावड घेऊन गेल्यास गाव चार दिवस हसेल. हसू द्यावे.

ताटात काय वाढावे ह्याची चर्चा सुरू झाली की लोक म्हणतात, "फादर, सफरचंद आणि बदाम आमच्या ऐपतीत कुठे?" सफरचंदाचे नावही मी काढलेले नाही. पहिल्या तीन महिन्यांत अन्न नेहमीपेक्षा फारसे वाढवायचे नसते. जे खायचे ते चांगले खायचे असते. चौथ्या महिन्यापासून राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ३५० उष्मांक अधिक सांगते. आता पाहा, "दोघांचे खा" ह्या उपदेशाप्रमाणे दुप्पट जेवण झाले असते. ३५० उष्मांक म्हणजे मात्र मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक केळे. किंवा एक जादा भाकरी, वाटीभर घट्ट आमटी आणि लहान पेलाभर दूध. एवढेच. पोट दाबले जात असल्याने एका बैठकीला अधिक जात नाही; म्हणून तीनऐवजी पाच वेळा थोडेथोडे द्यावे.

मांस घडवणारे अन्न मात्र आवर्जून वाढवायला हवे, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. रोज एक अंडे. परसात कोंबड्या असलेल्या घरी तरी अंडी बाजाराला आणि सून कोरडी, असे होऊ नये. मसूर, मूग, हुलगे, पावटे ह्यांपैकी काहीतरी रोज दोन वेळा. रविवारच्या मटणातला किंवा मासळीतला तिचा वाटा आधी काढून ठेवावा. पाहुणे जेवून गेल्यावर तळाशी राहिलेला रस्सा म्हणजे वाटा नव्हे. सुकी मासळी चांगली, मात्र मीठ धुऊन काढावे. नाचणीची आंबील वा भाकरी हाडांना चुना पुरवते. शेवग्याचा पाला कुंपणावर फुकट वाढतो. राजगिरा, मेथी, शेपू, तांदुळजा ह्या भाज्या एका वाफ्यात होतात. पेरू, चिकू, आंबा, जांभूळ, ज्या ऋतूत जे असेल ते. लिंबू जेवणात पिळावे म्हणजे पालेभाजीतले लोह अंगी लागते. आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये, कारण तो ते लोह अडवतो. आपल्याकडे दुपारचे जेवण उशिरा होते म्हणून सुना मधल्या वेळेला चहावर चहा घेऊन भूक मारतात; त्या ठिकाणी शेंगदाण्याचा लाडू असता तर!

लोहाचा विषय निघाला आहे तर गोळ्यांचेही सांगतो. वर सांगितलेल्या त्याच पाहणीत आपल्या देशातील गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक, शंभरात ५२, रक्ताने कमी आढळल्या. सरकारी केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. तिने शौचाचा रंग काळा होतो, कधी मळमळते. म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात. रात्री जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी घ्याव्या; दोन्ही एकत्र घेतल्या तर एकीचा गुण दुसरी घालवते. कोणी गुपचूप माती, खडू, कच्चे तांदूळ खात असेल तर तिला चिडवू नका. ते डोहाळे नसून पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते.

पथ्याच्या नावाखाली काय काय बंद केले जाते त्याची यादी करू लागलो तर हे पान पुरणार नाही. अंडे उष्ण, केळे थंड, दही वातूळ, पालेभाजीने बाळाला जुलाब, दुधाने वार चिकटते! कच्च्या पपईच्या चिकाबद्दल सावधगिरी ठीक आहे. पिकलेल्या पपईने कोणाचे काही बिघडत नाही. केशराने बाळ गोरे होते हेही खरे नव्हे, आणि बाळ सावळे झाले तर त्यात दुःख करण्यासारखे काय आहे हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. एक वस्तू मात्र खरोखर बंद हवी, आणि तिच्याविषयी आपल्या लग्नसमारंभांतून फारसे कोणी बोलत नाही: मद्य. "एक घोट शुभेच्छेचा" म्हणूनही गर्भवतीच्या हाती पेला देऊ नये. तंबाखू आणि मिश्री ह्यांचेही तसेच. त्यांनी बाळाचे वजन घटते.

आता उपासाविषयी, कारण हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी राखेच्या बुधवारी येतो. ख्रिस्तसभेचा उपासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या निरोगी व्यक्तींसाठी आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणारी माता ह्यांना त्यातून सूट आहे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण देणाऱ्यांची परंपरा आहे. ही सवलत कोणा धर्मगुरूकडे मागावी लागत नाही. मग नवसाचे, नोवेनाचे, स्वतः लावून घेतलेले उपास तर दूरच राहिले. ते तिने करू नयेत, आणि सासूने तिच्याकडून करवून घेऊ नयेत. पवित्र कम्युनियनपूर्वीच्या उपासाबद्दलही काहींच्या मनात जुना धाक आहे. १९५३ पर्यंत मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे, आणि आज पंचाहत्तरीच्या पुढे असलेल्या आजींनी आपल्या आयांना तशा स्थितीत मैलोगणिक चालत देवळात जाताना पाहिले आहे. १९५७ साली तो उपास तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आला. आजाऱ्यांना तर त्या तासाचेही बंधन नाही. जिला सकाळी घेरी येते किंवा पोटात कालवते त्या गर्भवतीने काही खाऊन निःशंकपणे मिस्साला यावे.

पवित्र मरिया एलिझाबेथेच्या घरी गेली तो प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. आपण तो जपमाळेत दर आठवड्याला आठवतो, पण त्यातला एक तपशील नजरेतून निसटतो. एलिझाबेथ वृद्ध होती, तिला सहावा महिना लागला होता, आणि मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. म्हणजे बाळाचे वजन सर्वांत झपाट्याने वाढते आणि आईला वाकणे कठीण जाते, नेमके तेच महिने. त्या घरात तीन महिने पाणी कोणी भरले असेल आणि दळण कोणी दळले असेल, ह्याचा विचार जपमाळ म्हणताना प्रत्येक नणंदेने आणि जावेने करून पाहावा.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझे बोलणे लंगडे राहील. त्याच पाहणीत आपल्या देशातील स्त्रियांत शंभरात सुमारे १९ कृश तर २४ वाजवीपेक्षा जड आढळल्या. बेळगाव, वडोदरा किंवा इंदूरसारख्या शहरात नोकरीनिमित्त राहणारी आपली मुले-सुना बसून काम करतात; आणि दिवस गेले की माहेरहून डिंकाचे, सासरहून मेथीचे लाडू निघतात. अशा ठिकाणी वजन भराभर वाढले तर गर्भवतीला मधुमेह किंवा रक्तदाब जडण्याचा धोका असतो. मधुमेहाने बाळ खरोखरच वाजवीपेक्षा मोठे होऊन अडू शकते. आजेसासूच्या बोलण्यात सत्याचा जो अंश आहे तो इथे आहे. पण त्याला उत्तर उपासमार हे नव्हे. गोड, तळलेले आणि बेकरीचे पदार्थ कमी करावे, रोज अर्धा तास चालावे, साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमारास करवून घ्यावी. वजन उतरवण्याचा खटाटोप गर्भारपणात कोणीही करू नये, कितीही जड असली तरी.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वजन एका महिन्यात तीन किलोंहून अधिक वाढले, किंवा आठवड्यातच एकाएकी चढले, चेहरा व हात सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी वा चमक येऊ लागली, तर ते बाळसे नव्हे. तो रक्तदाबाचा विकार असू शकतो, आणि त्यात आई व बाळ दोघेही दगावतात. त्या वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये. जुळे असले तरी वजन अधिक वाढते. ते तपासणीत कळेल.

हे सारे कळण्यासाठी वजन करावे लागते, आणि तेच आपण करत नाही. अंगणवाडीत, उपकेंद्रात, दवाखान्यात काटा असतो. शक्यतो तोच काटा, चप्पल काढून, साधारण तेवढेच कपडे. पहिले वजन तिसऱ्या महिन्याच्या आत झाले पाहिजे. आधीचा आकडाच नसेल तर पुढे किती वाढले हे कसे सांगणार? कर्नाटकात मिळणाऱ्या तायी कार्डावर, इतरत्र माता-बाल संरक्षण कार्डावर, ते दर महिन्याला लिहून घ्यावे आणि कार्ड पेटीत कुलूपबंद न ठेवता नवऱ्याने स्वतः वाचावे. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. कर्नाटकात २०१७ साली मातृपूर्ण योजनेखाली गर्भवती व बाळंतिणींना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण देण्यास आरंभ झाला. "आमची सून काय अंगणवाडीत जाऊन जेवणार?" असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. त्यात कमीपणा कसला? मात्र ते जेवण घरच्या जेवणाच्या जोडीला आहे. तिकडे जेवली म्हणून इकडे चूल तिच्यापुरती विझवायची, हा हिशेब बरोबर नव्हे.

खरे तर हे सर्व दिवस जाण्याच्या आधीच सुरू व्हावे. मुंबईच्या गरीब वस्त्यांत २००६ पासून काही वर्षे स्त्रियांना दिवस जाण्यापूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ रोज देऊन पाहण्यात आला. ज्यांनी तो तीन महिने वा अधिक आधीपासून खाल्ला त्यांच्या बाळांचे वजन थोडे अधिक भरले, आणि खाऊ खाणाऱ्यांत गर्भारपणातील मधुमेह पुष्कळ कमी आढळला. तेव्हा लग्न ठरलेल्या मुलीच्या आईने दागिन्यांची यादी करताना मुलीला एकदा काट्यावरही उभे करावे, आणि ती पस्तीस-चाळीस किलोंची निघाली तर लग्नाआधीचे सहा महिने तिच्या ताटाकडे पाहावे.

बाळ झाल्यावरही ताट आखडते घेऊ नये. कित्येक घरी बाळंतिणीला पहिले पंधरा दिवस नुसता मऊ भात आणि तूप देतात, पाणी मोजून देतात, भाजी बंद करतात. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या मातेला रोज ६०० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे गर्भारपणातल्याहूनही जास्त. आणि दूध पाण्यातूनच तयार होते, म्हणून तहानेप्रमाणे पाणी. लोहाची गोळी आणखी १८० दिवस चालू ठेवायची. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू खुशाल द्यावा, पण त्यांच्याबरोबर डाळ, अंडे, मासळी आणि पालेभाजीही द्यावी. वाढलेले वजन सहा महिन्यांत ते वर्षभरात हळूहळू उतरते. तोवर आरशाकडे पाहून कोणी तिला नावे ठेवू नयेत.